खारफुटी आणि कांदळवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीकाठच्या सोसायट्या, कोळीवाडे, खारेपाटातले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतले) शेतकरी, शाळा आणि झाडं लावायला निघालेले गट यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट फिरून फिरून येईल: भरतीचं पाणी आत येतं का, आणि ओहोटीला ते पूर्ण बाहेर जातं का. कांदळवनाचं सगळं जगणं-मरणं या दोन गोष्टींवर आहे.

खारफुटी, तिवर, कांदळवन... ही एकाच झाडाची नावं आहेत का?

नाही. खाऱ्या चिखलात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या झाडांना मिळून खारफुटी म्हणतात. त्यांचं जंगल ते कांदळवन. तिवर ही त्यातली एक जात, आणि मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तीच सगळ्यात जास्त असल्यामुळे लोक सगळ्याच खारफुटीला 'तिवरं' म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या साधारण २० जाती आहेत.

ओळखायला सोप्या अशा काही. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात. कांदळाची मुळं खोडाच्या मधूनच कमानीसारखी खाली उतरतात, झाड जणू पावलं टाकत उभं असतं. पांढरी चिप्पी पाण्याच्या अगदी कडेला, गोल पानांची. तिला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मारांडी म्हणजे काटेरी पानांचं आणि निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप. हुरी, म्हणजेच गेवा, हिला मात्र हात लावू नका. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते.

खाऱ्या पाण्यात हे झाड जगतं कसं?

वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळे मार्ग काढलेत. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो. तिवर मीठ आत घेतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हाच्या दिवशी तिवराचं पान उलटसुलट करून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावलं तर खारट लागतं.

दुसरी अडचण हवेची. खाडीच्या चिखलात वरच्या थराखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो (तो कुजका वास त्याचाच). म्हणून तिवर आणि चिप्पीची मुळं उलटी, आकाशाकडे वाढतात. त्यांच्यावरच्या सूक्ष्म छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि खालच्या मुळांना पोचते. एका मोठ्या तिवराभोवती अशी हजारो श्वसनमुळं असतात. ही मुळं म्हणजे झाडाचं नाक, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढे राडारोड्याच्या प्रश्नात ते लागेल.

तिसरी गोष्ट बीजाची. कांदळाचं बी जमिनीवर पडून रुजत नाही, ते झाडावरच रुजतं. शेवग्याच्या जाड शेंगेसारखी हिरवी कांडी फळातून खाली लोंबते, हात-दीड हात वाढते आणि तयार झाली की टपकन खाली पडते. ओहोटी असेल तर चिखलात रुतते. भरती असेल तर तरंगत दुसऱ्या काठाला लागते.

वादळात आणि उधाणात कांदळवन खरंच वाचवतं का?

लाटेपासून हो, बऱ्यापैकी. वाऱ्यापासून नाही.

जगभरातल्या मोजमापांनुसार १०० मीटर रुंद कांदळवन ओलांडताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते. फरक इतका मोठा, कारण झाडांची दाटी, मुळांची उंची आणि त्या वेळची पाण्याची खोली यांवर सगळं ठरतं. वादळासोबत समुद्रच फुगून आत येतो तेव्हा मात्र हिशेब वेगळा. ते पाणी दर किलोमीटर कांदळवनामागे ५ ते ५० सेंटिमीटर उतरतं. म्हणजे पंचवीस मीटरची पट्टी ठेवून 'संरक्षण झालं' असं म्हणता येत नाही.

१९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद उरला होता तिथे मृत्यू कमी झाले होते. आपल्याकडे जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमधल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. ते काम वाऱ्याचं होतं आणि त्याला कांदळवन पुरं पडत नाही. पण खाडीचा काठ खचणं, बांध फुटणं, घरात खारं पाणी शिरणं यांना ते अडवतं. वर्षातून एखाद्याच वादळात नव्हे, दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला.

शहरात पावसाचं पाणी तुंबण्याशी खारफुटीचा काय संबंध?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपणार नाही, तेव्हा 'खारफुटी असती तर पूर आलाच नसता' असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. खरं ते असं: भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, त्याला काही तास थांबायला जागा लागते. खाडीकाठची दलदल, खाजणं (खाडीच्या काठच्या सखल जमिनी) आणि कांदळवन ही ती जागा. मिठी नदीच्या मुखाशी अशा कितीतरी जमिनीवर भराव पडला. तिथलं पाणी मग रस्त्यावर आणि तळमजल्यावर थांबायला लागलं.

एक योगायोग असा की २६ जुलै हाच युनेस्कोने ठरवलेला जागतिक कांदळवन दिन आहे.

मासेमारीला याचा किती उपयोग?

खूप, आणि हे कोळ्यांना सांगावं लागत नाही. कोळंबीची पिल्लं, जिताडा, बोई, चिंबोरी यांचं लहानपण कांदळाच्या मुळांत जातं. मुळांच्या जाळ्यात मोठे मासे शिरू शकत नाहीत आणि खायला भरपूर असतं. तिवराची पानं चिखलात पडतात, खेकडे ती बिळात ओढून नेतात, कुरतडतात, उरलेल्यावर जिवाणू वाढतात, त्यावर कोळंबी. या साखळीचं दुसरं टोक आपल्या ताटात आहे.

ओहोटीला काठावर दहा मिनिटं न हलता बसलात तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. आधी चिखल निर्जीव वाटतो. मग एका बिळातून खेकडा एकच लालसर नांगी हलवत बाहेर येतो. निवटी हा मासा कल्ल्यांजवळच्या परांवर टेकत, उड्या मारत, पाण्याबाहेर चिखलावर फिरायला लागतो. मुळांवर कालवं चिकटलेली दिसतात. ज्या खाडीत निवटी आणि खेकड्यांची ताजी बिळं भरपूर, तिथला चिखल अजून जिवंत आहे. ही परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय करता येते.

'ब्लू कार्बन' म्हणजे काय?

किनाऱ्यावरच्या वनस्पती आणि त्यांच्याखालच्या चिखलात साठलेला कार्बन. जमिनीवरच्या जंगलात पान पडतं, कुजतं आणि त्यातला बराच कार्बन परत हवेत जातो. कांदळवनाच्या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे कुजणं फार संथ चालतं, आणि दर भरतीला वर नवा गाळ बसतो. म्हणून कार्बन खाली गाडला जातो आणि शतकानुशतकं राहतो. हिंदी महासागर ते पॅसिफिक या पट्ट्यातल्या कांदळवनांत हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन मोजला गेला आहे, आणि त्यातला मोठा भाग झाडांत नाही तर मातीत आहे.

म्हणूनच भराव टाकण्यापूर्वी चिखल उपसणं हे झाड तोडण्यापेक्षाही मोठं नुकसान. झाड पंचवीस वर्षांत परत येईल, चिखलातला साठा नाही.

खारफुटीमुळे डास होतात, मग ती तोडली तर?

तोडून डास कमी होत नाहीत. शहरात डेंग्यू पसरवणारा डास आणि हिवतापाचा मुख्य शहरी डास हे दोन्ही साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात: टाक्या, टायर, कुंड्या, बांधकामावरची पिंपं. ज्या चिखलावरून दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येऊन जातं तिथे अळ्यांना टिकाव धरता येत नाही, शिवाय लहान मासे त्या खातात. खारफुटीजवळ डास खरोखर वाढले असतील तर बहुधा तिथे पाणी अडलेलं आहे. भरावामुळे, रस्त्यामुळे किंवा सांडपाणी सोडल्यामुळे. उपाय म्हणजे अडवलेली वाट मोकळी करणं.

महाराष्ट्रात कांदळवन किती आहे?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार सुमारे ३१५ चौरस किलोमीटर. देशात सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर, आणि त्यात पश्चिम बंगाल (सुंदरबन) पहिला, गुजरात दुसरा. आपला वाटा लहान आहे, पण तो मुंबईसारख्या शहराला चिकटून आहे, आणि म्हणून त्याच्यावरचा ताणही तेवढाच मोठा.

कायदा नेमकं काय सांगतो?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला अंतरिम आदेश देऊन राज्यभर खारफुटीची तोड थांबवली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती बंदी कायम केली. त्यातले महत्त्वाचे मुद्दे असे. जमीन कुणाच्याही मालकीची असो, खारफुटीवर भराव, कचरा, राडारोडा टाकता येत नाही. खारफुटीच्या चारही बाजूंना ५० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असेल तरच, आणि उच्च न्यायालयाची परवानगी घेऊनच तोड होऊ शकते. आणि जिथे खारफुटी नष्ट केली गेली आहे ती जागा पूर्ववत करणं ही सरकारची जबाबदारी आहे. खारफुटीचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.

याशिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत खारफुटी सर्वांत संवेदनशील वर्गात आहे. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव किंवा संरक्षित वन म्हणून अधिसूचित करून वन विभागाकडे देण्याचं काम होत आलं आहे. त्यासाठी वन विभागात जानेवारी २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

शिक्षेबद्दल एक दुरुस्ती. जुन्या फलकांवर 'पाच वर्षं कैद, एक लाख दंड' असं लिहिलेलं असतं. ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या जुन्या तरतुदीतून आलं होतं. १ एप्रिल २०२४ पासून त्या कायद्यातली कैद जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. वन म्हणून अधिसूचित जागेवर भारतीय वन अधिनियम, १९२७ स्वतंत्रपणे लागतो, म्हणून तक्रारीत जागा अधिसूचित वन आहे का हे लिहिणं महत्त्वाचं.

सातबारा माझ्या नावावर आहे. तरीही तोडता येणार नाही?

येणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे मालकीने फरक पडत नाही. खारफुटी असलेली जमीन विकत घेण्याआधी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा आणि गुगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं पाहा. 'झाडं नंतर उगवलीत' हा युक्तिवाद खूप जण करतात, पण त्याने बंदी उठत नाही.

आमच्या खारेपाटातल्या शेतात बांध फुटून खारफुटी उगवली. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात कठीण, आणि शेतकऱ्याला दोषी धरून तो सुटत नाही. रायगडच्या खारेपाटात आणि गोव्याच्या खाजणांत पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून खाडीच्या काठची जमीन भातशेतीखाली आणली गेली. बांधाला झडपेची दारं: गोव्यात त्यांना मानस म्हणतात, आपल्याकडे उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला बाहेरच्या दाबाने ती मिटते. मजूर मिळेनात, देखभाल थांबली, झडप कुजली किंवा खेकड्यांच्या बिळांतून बांध झिरपायला लागला, की खारं पाणी आत शिरतं. पाठोपाठ तरंगत तिवराची बीजं येतात, आणि चार-पाच वर्षांत शेतात जंगल उभं राहतं.

एकदा ते उभं राहिलं की तोडणं बेकायदेशीर. म्हणून खरा उपाय त्याआधी आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी बांधाची पाहणी करा. हातभर भोक दिसलं तर ते त्याच आठवड्यात चिखलाने ठोकून बुजवा, कारण एका उधाणात त्याचा दरवाजा होतो. झडपेच्या फळ्या आणि बिजागऱ्या तपासा. बांध फुटलाच तर तारखेसह फोटो काढून तहसीलदार आणि खारभूमी विभागाला लगेच लेखी कळवा. पंचनामा असेल तर शेत कधीपर्यंत पिकत होतं हे पुढे सिद्ध करता येतं.

आणि एक सांगायला हवं. बांधाच्या खाडीकडच्या बाजूला उभी असलेली खारफुटी काढू नका. लाटेचा मार तीच झेलते. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी ती पट्टी राखली होती.

मोठ्या प्रकल्पांना मात्र परवानगी मिळते. हे कसं?

न्यायालयाने सार्वजनिक हिताचा अपवाद ठेवला आहे, आणि प्रकल्प त्या वाटेने जातात. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार खारफुटी झाडं तोडायला परवानगी दिली. आधीचा आकडा ५३ हजारांहून जास्त होता, आराखडा बदलल्यावर तो कमी झाला. आराखडा बदलता येतो, हे या उदाहरणातून सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. जनसुनावणीत 'प्रकल्प नको' एवढंच म्हणण्यापेक्षा 'खांबांवरून न्या, मार्ग इतके मीटर सरकवा, कामासाठी टाकलेला तात्पुरता भराव काढण्याची तारीख लिहून द्या' अशा मागण्या जास्त टिकतात. तात्पुरता भराव न काढल्यामुळे पाणी अडून मेलेली झाडं तोडीच्या आकड्यात कधीच मोजली जात नाहीत.

नियमानुसार रस्त्यासारख्या कामात जेवढं कांदळवन जातं त्याच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करावी लागते. पण ती कुठे होणार हे विचारा. ज्या जागेवर खारफुटी आज नाही, तिथे ती का नाही याचं उत्तर आधी मिळायला हवं.

राडारोडा टाकणारा डंपर दिसला. काय करू?

डंपर अडवायला एकटे जाऊ नका. लांबून फोटो आणि व्हिडिओ घ्या: गाडीचा क्रमांक, राडारोडा, आणि मागे एखादी ओळखता येईल अशी खूण, म्हणजे विजेचा खांब, पूल, इमारत. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळ फोटोवर उमटवणारं अॅप वापरा. नंतर त्याच जागेचा सहा महिने किंवा वर्षापूर्वीचा उपग्रह फोटो शेजारी लावा. हा एक कागद दहा पानांच्या पत्रापेक्षा जास्त काम करतो.

तक्रार एकाच वेळी तहसीलदार, कांदळवन कक्ष, स्थानिक पोलीस ठाणे आणि महापालिका असेल तर वॉर्ड कार्यालय यांना द्या आणि पोच घ्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती आहे, तिलाही प्रत पाठवा. पत्रात गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि अंदाजे क्षेत्र लिहा. 'पर्यावरणाची हानी होत आहे' एवढंच लिहिलेलं पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतं.

मागणी नेहमी दोन गोष्टींची करा: गुन्हा नोंदवा, आणि टाकलेलं उचला. दुसरी गोष्ट तातडीची. श्वसनमुळं बुजली की झाड लगेच पडत नाही, पानं काही आठवडे हिरवी राहतात. 'झाडं तर उभीच आहेत' असं म्हणून पंचनामा होतो आणि काही महिन्यांत ती वाळतात.

कुणी तोडलेलं नाही, तरी खारफुटी उभी वाळत चाललीय. का?

बहुतेक वेळा पाण्याची वाट बदललेली असते. दोन प्रकार पाहा.

पहिला, पाणी आतच येत नाही. बांध, रस्ता किंवा भरावामुळे भरती बाहेर अडते. आतल्या जमिनीतलं पाणी उन्हाने उडतं, मीठ मागे राहतं, चिखलाला भेगा पडतात, वर पांढरा थर येतो. झाडं शेंड्याकडून खाली वाळतात.

दुसरा, पाणी येतं पण जात नाही. रस्त्याखाली टाकलेले ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे पाइप) खाडीच्या तळापेक्षा वर बसवलेले असतात किंवा गाळाने भरलेले असतात. उधाणाचं पाणी वरून आत येतं, ओहोटीला मात्र पाइपाच्या तोंडाखालचं सगळं पाणी आत साचून राहतं. श्वसनमुळं दिवसचे दिवस बुडालेली राहिली की झाड गुदमरतं. पाणी हिरवट, शेवाळी दिसतं, पानं पिवळी पडून गळतात.

तपासायला खर्च नाही. बांबूवर दर १० सेंटिमीटरला खूण करा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बांबू रोवा आणि अमावास्येच्या उधाणाला तसंच अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा), पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटीच्या वेळी पातळी लिहून ठेवा. बाहेर ओहोटी होऊनही आतली पातळी हलत नसेल तर दोष सापडला. पाइप साफ करणं, खाली बसवणं किंवा त्याजागी रुंद मोरी बांधणं हा उपाय, आणि तो वेळेत झाला तर रोप न लावताही जंगल परत येतं.

सप्टेंबरमध्ये तिवराची सगळी पानं जाळीदार झाली. कीटकनाशक मारावं का?

अजिबात नाही. सागाची पानं खाणाऱ्या पतंगाच्याच अळ्या मुंबईच्या बाजूला पावसाळ्याच्या शेवटी तिवरावर येतात. काही दिवसांत झाडं करपल्यासारखी दिसतात, पण काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. पक्ष्यांना तोवर मेजवानी असते. खाडीत औषध मारलं तर मरतील ती कोळंबी आणि खेकडे.

आम्हाला खारफुटी लावायची आहे. कशी लावायची?

आधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. इथे पूर्वी खारफुटी होती का? आणि आज बीजं का रुजत नाहीत? आजूबाजूला मोठी झाडं आहेत, पाणी नीट येतं-जातं, तर पावसाळ्यात तिवराची हजारो रोपं आपोआप उगवतात. तिथे लावण्याची नाही, गुरं आणि कचरा दूर ठेवण्याची गरज असते. पाणी अडलं असेल तर आधी चर. तमिळनाडूत पिचावरमला सुकलेल्या जमिनीत मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्यासारखे उपचर काढून भरतीचं पाणी आत नेलं, आणि उजाड जागा पुन्हा हिरवी झाली. जागा बहुधा वन विभागाची असते, म्हणून परवानगी आणि मार्गदर्शन कांदळवन कक्षाकडून घ्या.

पातळी हा सगळ्यात मोठा मुद्दा. खारफुटी समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात वाढते. जवळच्या नैसर्गिक झाडांचा बुंधा ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर लावा.

कांदळासाठी पावसाळ्यात तयार कांड्या गोळा करा. तयार कांडीच्या वरच्या टोकाला, फळ आणि कांडी यांच्यामध्ये पिवळसर पट्टी दिसते आणि हलकं ओढलं की ती सुटते. हिरवी ओढून तोडलेली रुजत नाही. भोकं पडलेल्या कांड्या टाकून द्या, आत कीड असते. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा आणि काही दिवसांत लावून टाका. टोकदार बाजू खाली, साधारण एक-तृतीयांश भाग चिखलात, सरळ. उलटी लावलेली कांडी हमखास मरते, आणि शाळेच्या मुलांबरोबर लागवड करताना हीच चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून आधी एक लावून दाखवा. दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर पुरे.

तिवराचं बी घेवड्याच्या दाण्यासारखं चपटं. रात्रभर पाण्यात ठेवलं की साल सुटते. भोकं पाडलेल्या पिशवीत खाडीचाच चिखल भरून बी वर नुसतं टेकवा, गाडू नका. पिशव्या भरतीचं पाणी स्पर्शून जाईल अशा जागी ठेवा. रोप गुडघ्याएवढं झालं की पुढच्या पावसाळ्यात लावा.

लावलेली रोपं मरतात का?

फार मरतात. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या मोहिमांनंतर जगलेल्या रोपांचं प्रमाण १० ते २० टक्के इतकंच भरलं होतं. कारणं ठरलेली: खूप खोल, सतत पाण्याखालच्या चिखलात लागवड, एकाच जातीची रांगच्या रांग, रोपावर चढणाऱ्या बार्नाकलच्या (चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांच्या) थरांचं वजन, शेंड्याला गुंडाळलेलं प्लास्टिक आणि शेवाळ, म्हशी. किती लावली हा आकडा कार्यक्रमाच्या दिवशी छापून येतो. तीन वर्षांनी किती उभी आहेत, तो आकडा विचारा.

मोकळी चिखलपट्टी 'ओसाड' पडली आहे, तिथे लावली तर?

नको. ती ओसाड नसते. ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी हे रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) आणि हजारो स्थलांतरित पाणपक्ष्यांचं खाद्य-मैदान आहे. ठाणे खाडीत ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ चा रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) हे कांदळवन आणि चिखलपट्टी या दोघांच्या जोडीसाठी आहेत. खाडीत गाळ वाढून खारफुटी चिखलपट्टीवर पसरते तेव्हा पक्ष्यांची जागा कमी होते. हिरवं वाढलं म्हणजे सगळं चांगलं झालं, असं या जंगलात म्हणता येत नाही.

कांदळवनातला कचरा काढायला आमचा गट येऊ इच्छितो. काय काळजी घ्यावी?

ओहोटी सुरू झाल्यावर उतरा, भरती सुरू होण्याआधी बाहेर या. गमबूट आणि जाड हातमोजे लागतात, कारण चिखलात काचा आणि सुया असतात. एकामागोमाग एका वाटेने चाला. शंभर माणसं पसरून फिरली तर प्लास्टिक निघतं आणि श्वसनमुळं तुटतात. फांदीला किंवा रोपाला अडकलेली जाळी, पिशवी ओढू नका, कात्रीने कापा. गोळा केलेला कचरा त्याच दिवशी उचलून न्यायची गाडी ठरवूनच सुरुवात करा. काठावर ठेवलेली पोती पुढचं उधाण परत आत घेऊन जातं.

गावाला यातून उत्पन्न मिळू शकतं का?

मिळू शकतं. राज्यात २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आहे. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती झाली की तिच्यातर्फे खेकडापालन, कालवं आणि शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) यांचं पालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे व्यवसाय गटांना घेता येतात. गटाच्या प्रकल्पात खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. खेकडापालनात मुख्य अडचण पिल्लं मिळण्याची, आणि दुसरी एकमेकांना खाण्याची. कात टाकलेला मऊ खेकडा बाकीच्यांच्या तावडीत सापडतो, म्हणून सारख्या आकाराचे एकत्र ठेवा आणि लपायला पाइपाचे तुकडे टाका.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांचा बचतगट होडीतून कांदळवन दाखवतो. होडी वल्ह्याची, त्यामुळे पक्षी उडत नाहीत.

पाहायला कुठे जावं आणि कधी?

नवी मुंबईत ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, सिंधुदुर्गात वेंगुर्ले, गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. रोहित मुंबईकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे-जूनपर्यंत असतात. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहा. होडीला भरती हवी, पण निवटी, खेकडे आणि श्वसनमुळं पाहायची असतील तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी काठावर पोचा.